‘माल वर उचलला की झालं’ या कमेंटला उत्तर

दादा, छोट्या दुकानानेही बिझनेस कंटिन्युइटीची, म्हणजे संकट आलं तरी धंदा चालू राहील याची तयारी ठेवावी, या माझ्या पोस्टवरची तुमची कमेंट दोनदा वाचली. तुम्ही म्हणता, बिझनेस कंटिन्युइटी वगैरे मोठ्या कंपन्यांचे चोचले, आम्ही नाशिकच्या भांडीबाजारवाले पूर बघतच मोठे झालो, गोदावरीतल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला पाणी कुठवर लागलंय ते बघायचं, मुलाला हाताशी घ्यायचं आणि माल वर उचलायचा. पुराचं सगळं मान्य. गंगापूर धरणातून किती क्युसेक सोडलं की बाजारात काय होतं हे तुम्ही २०१६ ला पण बघितलंय, २०१९ ला पण.

पण पोस्ट माल वाचवण्यावर नव्हतीच हो, नंतर दुकान चालणार कसं यावर होती. आणि पूर निदान सांगून येतो. मालकच आठ दिवस ॲडमिट झाला तर? बँकेचा ओटीपी त्याच्या मोबाइलवर, जीएसटीचा पण तिथेच, उधारी निम्मी वहीत निम्मी डोक्यात, कुठल्या पार्टीला पुढच्या तारखेचा चेक दिलाय ते त्यालाच माहीत. माल माळ्यावर कोरडा ठणठणीत, गिऱ्हाईक दारात, आणि पोरगा गल्ल्यावर बसून सप्लायरला पैसे पाठवू शकत नाही. प्रोप्रायटरशिपचं खातं एकट्याच्या नावावर, पोटचा पोरगा असला तरी बँक त्याची सही चालवत नाही, त्यासाठी आधीच मॅन्डेट, म्हणजे त्याला खातं चालवायचा लेखी अधिकार, देऊन ठेवावं लागतं, म्हणजे ब्रँचला एक चक्कर. कंपनीत एक नसला तर त्याच्या जागी दुसरा बसतो, आपल्याकडे दुसरा असतोच कुठे? म्हणून मी म्हणतो, या तयारीची गरज छोट्या दुकानालाच जास्त.

‘विमा आहे की’ असंही लिहिलंय तुम्ही. एका जागेवरची माल-मालमत्ता मिळून पाच कोटींपर्यंत असलेल्या धंद्याला एप्रिल २०२१ पासून भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा पॉलिसी आहे, त्यात पूर धरलेला असतो, पण दुकान बंद राहून बुडालेला नफा मूळ पॉलिसीत येत नाही, त्याचं कव्हर वेगळं. शिवाय क्लेमला स्टॉकचा हिशोब मागतात, तो टॅली या हिशोबाच्या सॉफ्टवेअरमध्ये, आणि टॅलीचा कॉम्प्युटर खाली गल्ल्याशेजारी, म्हणजे माल उचलायच्या गडबडीत तोच राहणार. बॅकअपचा पेनड्राइव्ह पण त्याच ड्रॉवरमध्ये ठेवणारे खूप आहेत. तो घरी ठेवा, इंदिरानगर, पाथर्डी फाटा, जिथे राहत असाल तिथे, फक्त नदीकाठी नको.

राहिला वेळेचा प्रश्न, या तयारीला सवड कधी काढायची. पितृपक्षात बाजार तसाही थंड असतो, तेव्हा एक दिवस दुकानात जाऊ नका, फोन पण उचलू नका, आणि रात्री मुलाला विचारा कुठे कुठे अडलं. काय निघतं ते इथेच लिहा, मला खरंच वाचायचंय.