वरचा मजला रिकामा आहे, या की!

पुण्यातल्या घरभाड्याला, सिग्नलला आणि सोसायटीच्या मीटिंगांना कंटाळून तुम्ही सोलापूरला बिऱ्हाड हलवायचं म्हणताय, असं कानावर आलं. चांगलं आहे. सल्ला द्यायला माझ्याइतका निःपक्षपाती माणूस तुम्हाला सापडणार नाही. माझ्या घराचा वरचा मजला रिकामा आहे आणि मला भाडेकरू हवाय, एवढं सोडलं तर माझा यात काडीचाही स्वार्थ नाही.

येताना ‘लहान शहर’ हा शब्द तेवढा पुण्यातच ठेवून या. 2011 च्या जनगणनेत इथं साडेनऊ लाख माणसं मोजली होती. तेवढ्यानं भागलं नाही तर समोरचा थेट 1930 काढतो. इंग्रजांनी या गावात मार्शल लॉ लावला होता, असला मान काय वाटेल त्या गावाला मिळत नाही. मग 12 जानेवारी 1931, चार हुतात्मे, येरवड्यात फाशी. ‘येरवडा’ म्हणताना तो तुमच्याकडं बघून जरा थांबेल, जसा काही तो निकाल तुमच्याच सोसायटीनं दिला होता. गप ऐकायचं. त्याचं बरोबर आहे.

मग प्रश्न येईल, “कशाला आलाव ओ हिकडं?” हा प्रश्न रिक्षावाला विचारेल, दूधवाला विचारेल, बँकेत केवायसी करणारी बाई विचारेल. खरं कारण सांगू नका. ‘शांत आयुष्य हवं होतं’ असं म्हणालात तर पुण्यात कायतरी भानगड करून आलाय, अशी गल्लीची खात्री पटेल. कारण इथली पोरं उलट्या दिशेनं जातात. शुक्रवारी रात्री पुण्याकडून येणाऱ्या गाड्या भरून येतात, रविवारी कडक भाकरी आणि शेंगाचटणीचे डबे घेऊन भरून जातात. त्या गर्दीत सोलापूरला राहायला निघालेले तुम्ही एकटेच. चटणीवरनं आठवलं, इथं दाण्यालाही शेंगाच म्हणतात. दुकानात ‘दाण्याचं कूट’ मागितलंत की दुकानदार आदरानं हिंदीत बोलायला लागतो.

भाषेचं असं आहे की इथं चार चालतात. आमच्या कोपऱ्यावरचा किराणावाला पूर्व भागातल्या गिऱ्हाइकाशी तेलुगूत बोलतो, अक्कलकोटकडच्या म्हातारीशी कानडीत, हमालाशी दखनीत आणि माझ्याशी मराठीत. मधेच फोन आला तर कुठल्या भाषेत चिडायचं ते तो समोरचा नंबर बघून ठरवतो. तुमचं मराठी त्याला बातम्यांसारखं वाटेल. “काय करलालाव?” म्हणजे ‘काय करताय?’, एवढं पाठ करा. ‘बे’ मात्र पहिले सहा महिने तोंडातून काढू नका. “का बे” हे मित्राला म्हटलं तर प्रेम, अनोळख्याला म्हटलं तर मारामारी, आणि सासऱ्याला कुणी म्हणून बघितल्याचं मला तरी माहीत नाही.

घरून काम करणार म्हणताय? छान. दुपारी बारा वाजता कर्ता माणूस बर्मुड्यावर दारात दिसला की त्याची नोकरी गेली, असं इथं समजतात. आमची मंडळी स्वभावानं मऊ आहे, ती आठवडाभर वाटीतून कालवण पाठवेल. दुसऱ्या आठवड्यात शेजारचे मालक “आमच्या ओळखीत चादरीच्या कारखान्यात एक जागा हाय” असं सांगायला येतील. तुमचा पगार किती, हे त्यांना अजिबात सांगू नका. सांगितलात तर भाडं मलाच वाढवावं लागेल.

उन्हाबद्दल लोक उगाच भीती घालतात. मे महिन्यात पारा 43 च्या आसपास जातो, एवढंच. दुपारी एक ते पाच बाहेर पडायचं नाही, संध्याकाळी गच्चीवर पाणी मारायचं, रात्री तिथंच अंथरूण टाकायचं. गच्चीवर पाणी कुठलं मारायचं, हा प्रश्न तुम्हाला पडला असेल, तर तुम्ही हळूहळू सोलापूरकर व्हायला लागलाय.

विमानतळही आहे. विमानाच्या वाटेत साखर कारखान्याची चिमणी येते म्हणून गावात वर्षानुवर्षं भांडण झालं. 2023 च्या जूनमध्ये ती पाडली, 2025 च्या जूनमध्ये विमान उडालं, आणि पहिलं गेलं ते गोव्याला. सोलापूरचा माणूस इतकी वर्षं कशासाठी अडून बसला होता, ते तेव्हा कळलं.

आता पाणी. हे शांतपणे वाचा.

रोज येत नाही. तीन दिवसांआड, चार दिवसांआड, मधे पाइप फुटला तर पाच. ‘चार दिवसांआड’ म्हणजे पाचव्या दिवशी, हे गणित आमच्याकडं पहिलीतल्या पोरालाही येतं. उजनी धरण आमच्याच जिल्ह्यात, भरलं की 117 टीएमसी. भरल्याचे फोटो पेपरात येतात, आम्ही व्हॉट्सअॅपवर ते एकमेकांना पाठवतो, आणि नळ त्याच पाचव्या दिवशी सुटतो. धरणात पाणी असणं आणि नळाला पाणी असणं यांचा संबंध जोडू नका, लगेच परगावचे म्हणून ओळखू याल.

तुम्हाला हे पाणी परकं वाटणार नाही. पुण्यात तुम्ही बेसिनमध्ये जे ओतता, ते मुळा-मुठेतून भीमेत आणि भीमेतून उजनीत येतं. तुमचं सामान टेम्पोतून येईल, तुमचं पाणी आधीच येऊन बसलेलं असेल.

पाण्याची वेळ चावीवाला ठरवतो. आमदार-नगरसेवक पाच वर्षांनी एकदा दारात येतात, चावीवाला पाचव्या दिवशी येतो, तेव्हा नमस्कार कुणाला करायचा ते तुम्हीच ठरवा. तो रात्री अडीचला आला तर अडीचला उठायचं. आधी नळातून नुसती हवा येते, खर्र-खर्र करून. मग गढूळ धार, ती बादलीत धरून संडासला ठेवायची. मग स्वच्छ आली की हौदाचं झाकण उघडायचं. नळाला थेट मोटर लावणं हा गुन्हा आहे. सगळी गल्ली लावते. तुम्ही एकट्यानं कायदा पाळलात तर पाणी शेजाऱ्याच्या हौदात जाईल आणि तुमच्या हौदात कायदा.

तुमची खोली म्हणजे आमच्या पोराची. तो वाकडला असतो, आयटीत. भिंतीवर त्याच्या स्कॉलरशिपचं सर्टिफिकेट आहे, ते काढू नका, त्याच्यामागं ओल आहे. तिकडं त्यांच्या सोसायटीत उन्हाळाभर टँकर चालू असतात, त्याचे पैसे वेगळे. चार वर्षं झाली जाऊन, तरी दर फोनला पहिलं वाक्य तेच: “अप्पा, पाणी आलं का?” आधी तब्येत विचार बे, म्हणतो मी. तर म्हणतो, पाणी आलं असेल तर तब्येत बरीच असणार.

तर लवकर कळवा. डिपॉझिट दोन महिन्यांचं. रात्री पाणी आलं की मी जिन्यातून हाक मारेन, मोटरचं बटण वरच्या बाजूला आहे, तेवढं तुम्ही दाबायचं. टेम्पोत आधी दोन बॅरल चढवा, झाकणाचे. पलंग आणू नका, पोराचा आहे वर.