कोअर काढायचाच, पण कुठून?

सविस्तर प्रतिक्रियेबद्दल आभार. तुमचा आक्षेप असा की काँक्रीट तपासताना हॅमरचे (पृष्ठभागावर आपटून उसळी मोजणाऱ्या उपकरणाचे) आकडे आणि कोअर (काँक्रीटमधून कापून काढलेला दंडगोल) दाबून मिळालेली ताकद यांचा मेळ बसत नाही, म्हणजे एनडीटी, अर्थात तोडफोड न करता केलेली चाचणी, ही निव्वळ धूळफेक. सरळ कोअर काढावेत आणि मोकळं व्हावं.

मेळ बसत नाही हे खरं आहे, आणि तो आपोआप बसणारही नाही. रिबाउंड हॅमर पृष्ठभागाचा कडकपणा सांगतो, तोही वरच्या जेमतेम दोन-तीन सेंटिमीटरचा. जुन्या काँक्रीटमध्ये कार्बन डायऑक्साइड मुरून (कार्बोनेशन) वरचा थर कडक होतो. हॅमर जोरात उसळतो, आतलं काँक्रीट मात्र होतं तसंच असतं. पृष्ठभाग ओला असला की उलट, उसळी कमी. हॅमरवरचा तक्ता बघून थेट ताकदीचे मेगापास्कल लिहून मोकळ्या होणाऱ्यांवर तुमचा राग असेल, तर मी तुमच्याच बाजूचा आहे.

पण नुसते कोअर काढा, हे पटत नाही. शेकडो घनमीटर काँक्रीटमधून १०० मिलिमीटर व्यासाचे पाच-सहा कोअर काढले, तर तेवढ्याच जागा कळल्या. दोन हात पलीकडे काय?

६०० मिलिमीटर जाडीचा खांब घ्या. दोन्ही बाजूंना ग्रीस लावून अल्ट्रासॉनिकचे प्रोब (एक ध्वनिलहर सोडतो, दुसरा ती टिपतो) समोरासमोर दाबले. लहर पार जायला १५० मायक्रोसेकंद लागले, म्हणजे वेग सेकंदाला ४ किलोमीटर. आखलेल्या चौकटींवर एकेक बिंदू मोजत खाली आलात आणि तळाशी एकदम २०० मायक्रोसेकंद झाले, वेग ३ वर उतरला. ताकद किती ते कळलं नाही. पण आत हनीकोम्ब (मधाच्या पोळ्यासारखं पोकळ राहिलेलं काँक्रीट) किंवा भेग असावी, लहर वळसा घालून आली असावी, या संशयाला जागा झाली. कोअर तिथे काढायचा, आणि एक चांगल्या भागातूनही, तुलनेला. (लहरीच्या वाटेला समांतर सळई आली तर वेग फसवा वाढतो, कारण पोलादात तो ५.९ किलोमीटरच्या आसपास असतो. म्हणून आधी कव्हर मीटरने सळया शोधून खडूने आखायच्या. हे काम टाळलं की पुढचं सगळं वाया.)

शिवाय ताकद हा एकमेव प्रश्न नसतो. १९८५ साली वेल्समधला अनिस-अ-ग्वास पूल कोणतीही चाहूल न देता कोसळला, कारण पुलाच्या काँक्रीटच्या तुकड्यांच्या सांध्यांपाशी प्रीस्ट्रेसिंगच्या, म्हणजे ते तुकडे आवळून धरणाऱ्या ताणलेल्या, तारा गंजल्या होत्या. काँक्रीटचा कोअर दाबून ते कसं कळणार? एनडीटीनेही सगळं दिसतं असं नाही. रडारच्या लहरी धातूच्या डक्टवरूनच (या तारा ज्यातून जातात त्या नळीवरूनच) परततात, आत भरलेल्या ग्राउटमधली (सिमेंटच्या लगद्यातली) पोकळी त्यांना दिसत नाही; तिथे इम्पॅक्ट-इको (ठोका देऊन त्याचा प्रतिध्वनी तपासणं) लावून पाहावा लागतो, आणि संशयाच्या जागी डक्ट उघडून तारा डोळ्यांनी बघाव्या लागतात.

तुम्ही सांगितलेल्या कामात हॅमर आणि कोअरची जागा एकच होती का? पृष्ठभाग कोरडा होता का, कोअरमध्ये सळई आली होती का, कार्बोनेशनची खोली मोजली होती का? कळवलंत तर ते आकडे पुन्हा नीट लावून बघू.