पृथ्वी लांब गेली म्हणून गारठा?

"उद्या पहाटे 5.27 पासून पृथ्वी सूर्यापासून 66 टक्के लांब जाणार. 9 कोटी किलोमीटरचं अंतर 15.2 कोटी होणार. 22 ऑगस्टपर्यंत गारठा, सर्दी, खोकला." व्हॉट्सअ‍ॅपवर हा मेसेज पुन्हा पुन्हा फिरतो.

यातले 15.2 कोटी बरोबर आहेत. जुलैच्या पहिल्या आठवड्यात, अपसूर्य स्थितीत (म्हणजे कक्षेत सूर्यापासून सर्वांत लांब असताना), पृथ्वी तेवढीच लांब असते. घोळ आहे तो 9 कोटींचा. ते अंतर शुक्राच्या कक्षेच्याही आतलं! जानेवारीत, सर्वांत जवळ असतानाही सूर्य 14.7 कोटी किलोमीटरवर असतो. म्हणजे खरा फरक साडेतीन टक्क्यांच्याही आत. (शिवाय 9 चे 15.2 झाले तर वाढ 69 टक्के होते. स्वतःच्याच आकड्यांची टक्केवारीही जमलेली नाही.)

बरं, मेसेज खरा धरू. पृथ्वीचं समतोल तापमान (वातावरणाची ऊब न धरता, येणारी आणि बाहेर जाणारी उष्णता सारखी झाल्यावरचं) अंतराच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात बदलतं. पृथ्वी परतवते ते ऊन तेवढंच धरलं, तर 9 कोटींवर ते साधारण 329 केल्विन (56 अंश सेल्सिअस) येतं आणि 15.2 कोटींवर 253 (उणे 20). एवढी घसरण झाल्यावर प्रकरण सर्दी-खोकल्यावर निभावलं असतं होय?

आता "लांब म्हणून थंड". वातावरणाच्या माथ्यावर, किरणांना काटकोनात, दर चौरस मीटरला जानेवारीत सुमारे 1,410 वॅट मिळतात, जुलैत 1,320. हा फरक खराच. पण मुंबईत जुलैच्या सुरुवातीला दुपारचा सूर्य क्षितिजापासून 86 अंशांवर असतो, जानेवारीत जेमतेम 48 वर. त्या कोनाच्या साइनने गुणा: आडव्या पृष्ठाला जुलैत 1,315 वॅट, जानेवारीत 1,050. लांबचा सूर्यच पाव पट जास्त देतो, आणि जुलैचा दिवसही मोठा.

मग मे सरून जुलैत गार का वाटतं? ढग बरंचसं ऊन वरच्यावर परतवतात. जे खाली पोचतं त्यातलं बरंच ओल्या जमिनीतलं पाणी वाळवण्यात जातं. एका किलोची वाफ व्हायला सुमारे 24 लाख ज्यूल लागतात. तेवढी ऊर्जा हवा तापवायला उरत नाही. याचं श्रेय मान्सूनचं, कक्षेचं नव्हे.

22 ऑगस्टचं तर सोडाच. अपसूर्य हा एक क्षण असतो. तो उलटला की पृथ्वी जवळच यायला लागते. सर्दी-खोकला विषाणूंमुळे होतो.

आणि अंतर तर सगळ्यांना सारखंच असतं. तरी त्याच आठवड्यात सिडनीत हिवाळा असतो. उलट अख्ख्या पृथ्वीची सरासरी काढली तर जुलै हा जानेवारीपेक्षा 3 ते 4 अंशांनी गरम भरतो, कारण जमीन बहुतांश उत्तर गोलार्धात आहे आणि ती समुद्रापेक्षा लवकर तापते.