पन्नाशीनंतर सिगरेट सोडू नका? हे कोणी ठरवलं?

"पन्नाशीनंतर सिगरेट अचानक सोडल्यास हार्ट अटॅक येतो. सोडून पुन्हा लागली असेल तर परत सोडूच नका, शरीर दुसरा धक्का झेलत नाही. निकोटिनचं च्युइंगम सिगरेटहून घातक." इंदूरच्या आमच्या नातेवाइकांत हा मेसेज फिरतोय. रामबागेतल्या काकांनी तोच माझ्यापुढे धरला. त्यांची सुटलेली सिगरेट दिवाळीत राजवाड्याजवळच्या गुमटीवर परत सुरू झाली. पुन्हा सोडायचं मनात होतं, तेवढ्यात हे हाती आलं. म्हणून संताप.

हार्ट अटॅकचं नेमकं उलट आहे. धुरातला कार्बन मोनॉक्साइड रक्तातल्या ऑक्सिजनची जागा अडवतो, रक्तात गुठळ्या व्हायला लागतात. सिगरेट सुटली की तो वायू एक-दोन दिवसांत उतरतो आणि हृदयविकाराचा वाढलेला धोका वर्षभरात साधारण निम्म्यावर येतो. वयाचं म्हणाल तर रिचर्ड डॉल, रिचर्ड पेटो आणि सहकाऱ्यांनी ब्रिटनमधल्या 34 हजारांहून जास्त पुरुष डॉक्टरांचा 1951 पासून 50 वर्षं मागोवा घेतला. 2004 साली निष्कर्ष छापून आले: तिशीत सोडणाऱ्यांना सुमारे 10 वर्षं आयुष्य जास्त मिळालं, चाळिशीत 9, पन्नाशीत 6, आणि साठीला सोडूनही 3. काका साठीच्या आतच आहेत. ही वर्षं का म्हणून घालवायची?

अचानक सोडणं जिवावर बेतू शकतं, हे जुन्या, भारी दारूच्या व्यसनात खरं आहे. तेच कोणीतरी सिगरेटला चिकटवलंय. सिगरेट सोडल्यावर त्रास होतो, नाही कशाला म्हणू? चिडचिड होते, झोप उडते, सकाळी पोट साफ होत नाही, वजनही वाढतं. पहिला आठवडा सगळ्यात वाईट, मग तीन-चार आठवड्यांत बहुतेक त्रास ओसरतो.

"दुसरा धक्का" ही निव्वळ थाप. बहुतेकांची एका खेपेत सुटतच नाही. काकांनी एवढंच बघावं की घसरले कुठे: जेवणानंतर, मित्रांबरोबर, त्याच गुमटीवर. तिथलं उभं राहणं काही दिवस बंद.

सिगरेट सोडताना तलफ भागवायला चघळतात त्या च्युइंगममध्ये निकोटिन असतं, पण डांबर आणि धूर नसतो, आणि कॅन्सर प्रामुख्याने धुरातल्या विषांनी होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत ते आहे. हृदयाचा आजार असेल तर डॉक्टरांना विचारून घ्या.

काका, सिगरेटच्या पाकिटावर तंबाखू सोडायला मदत करणाऱ्या सरकारी हेल्पलाइनचा 1800-11-2356 हा नंबर छापलेला असतो. फुकट आहे, हिंदीत बोलतात. सोडायची तारीख ठरवायलाही मदत करतात. आज लावा.