माजलगावच्या दादांना उत्तर: बॅटरी मधेच बसली तर?

दादा, तुमचं म्हणणं थोडक्यात असं की नावेला इलेक्ट्रिक मोटर लावणं हा शहरातल्या लोकांचा शौक, आपल्याकडं लाइटीचा भरवसा नाही, धरणाच्या मधोमध बॅटरी बसली तर कोण येणार, त्यापेक्षा अडीच हॉर्सपॉवरची पेट्रोल मोटर आणि कॅनमधे दोन लिटर पेट्रोल घेतलं की विषय संपला. भीती खरीच आहे, पण हिशोब तुम्ही फुल स्पीडचा धरलाय.

५५ पाउंड थ्रस्टची (थ्रस्ट म्हणजे नाव पुढं ढकलायचा जोर) मोटर फुलवर साधारण ५० अँपिअर खाते, म्हणजे १२ व्होल्ट १०० एएचची (एएच म्हणजे अँपिअर-अवर, बॅटरीत किती वीज मावते ते) लिथियम बॅटरी दोन तासात रिकामी, इथपर्यंत तुमचं बरोबर. पण नऊ-दहा फुटी डिंगी, म्हणजे छोटी नाव, एवढ्या छोट्या मोटरवर, मग ती पेट्रोलची का असेना, ताशी सात-साडेसात किलोमीटरच्या पुढं फारशी जातच नाही, उरलेली ताकद नुसती लाट उठवण्यात जाते. आणि स्पीड निम्मा केला की ताकद साधारण आठवा हिस्सा लागते! मोटरमधे वाया जाणारं धरलं तरी तीच बॅटरी सकाळपासून दुपारपर्यंत आरामात पुरते. तुम्ही किनाऱ्यापासून एक-दोन किलोमीटरवर जाळी बघायला जायलात, तुम्हाला फुल स्पीड लागतोच कुठं? लाइटीचं म्हणाल तर पूर्ण चार्जिंगला दीडेक युनिट लागतं, रात्री लाइन असते तेव्हा होऊन जातं. फक्त मे महिन्यात दुपारी पत्र्याखाली चार्जिंग लावू नका, ४५ डिग्रीच्या वर लिथियम चार्ज करायची नसते.

घरातली इन्व्हर्टरची बॅटरी उचलून नावेत ठेवायचं मात्र डोक्यातून काढा. १५० एएचवाली पन्नास किलोच्या वर भरते, निम्म्याच्या खाली उतरवली की तिचं आयुष्य घटतं आणि आडवी झाली तर ॲसिड तुमच्या पायाशी.

आता पेट्रोलचं. उन्हाळ्यात पाणी मागं सरकतं, मोटर महिनोन्‌महिने पडून राहते, पंपावरचं ई२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल हवेतलं पाणी ओढतं, कार्बोरेटरचं जेट, म्हणजे पेट्रोल यायचं भोक, सुईच्या टोकाएवढं, ते चोंदलं की दोरी ओढून ओढून खांदा निखळायची वेळ येते. घेतलीच तर परत आल्यावर पेट्रोलचा कॉक बंद करून मोटर आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवा, कार्बोरेटर रिकामा झाला पाहिजे.

नाथसागरावर, म्हणजे पैठणच्या जायकवाडी धरणावर, लांब जायचं असेल तर मी पण पेट्रोलच सांगीन. पन्नासच्या वर किलोमीटर लांब पसारा, पाणी उथळ, जून-जुलैचा पश्चिमेचा वारा सुटला की आखूड उभ्या लाटा येतात, तिथं फुल ताकद तासन्‌तास लागू शकते. पण फोर-स्ट्रोकच घ्या, जुनी टू-स्ट्रोक पाव हिस्सा पेट्रोल न जळताच धुरासोबत पाण्यात सोडते आणि तेच पाणी अख्खं संभाजीनगर पितं, हे मला खरंच सहन होत नाही.

दोन्हीपैकी काही घ्या, जाताना वाऱ्याच्या तोंडावर जा म्हणजे येताना वारा पाठीशी राहतो, बॅटरी निम्मी झाली की मागं फिरा, वल्ही आणि लाइफ जॅकेट नावेतच ठेवा. आणि दोन-तीन शिअर पिना, म्हणजे मोटरच्या पंख्याच्या छोट्या पिना, जास्तीच्या घ्या, पंख्यात जाळं गुंतलं की पिन तुटते पण मोटर वाचते.