नाळे बा

गेल्या आठवड्यात भाच्यानं सीमाभागातल्या एका मराठी साहित्य संमेलनाचा व्हिडिओ पाठवला. परिसंवादात एक वक्ते सांगत होते की भयकादंबऱ्या म्हणजे अंधश्रद्धेला खतपाणी, आणि बेळगावच्या लेखकानं लिहायचं तर सीमाप्रश्नावर लिहावं. नाव घेतलं नाही, पण रोख माझ्यावरच आहे हे कळलं. तेव्हापासून डोकं तापलंय.

इथं एडिनबरात सोळा खून करणाऱ्या बर्क-हेअर जोडीतल्या बर्कचा सांगाडा विद्यापीठाच्या संग्रहालयात उभा आहे. रॉयल माईलवर रोज संध्याकाळी भुतांच्या फेऱ्या निघतात. स्कॉटलंडच्या स्वातंत्र्याचा प्रश्न सुटेपर्यंत हे बंद ठेवा, असं कुणी म्हणत नाही. २००४ साली महाराष्ट्र सीमाप्रश्न घेऊन सुप्रीम कोर्टात गेला. त्याच साली हे शहर युनेस्कोचं पहिलं साहित्यनगर झालं. आपल्याकडे मात्र लेखकानं काय लिहावं ते व्यासपीठावरून ठरतं.

अंधश्रद्धेचं म्हणाल तर जादूटोण्याविरुद्धचे कायदे, महाराष्ट्राचा २०१३चा आणि कर्नाटकाचा २०१७चा, दोन्ही मला हवेच होते. ते माणसाला छळणाऱ्यांविरुद्ध आहेत. गोष्ट सांगणारीविरुद्ध नाहीत.

आणि सीमाप्रश्न? नव्वदच्या दशकात कर्नाटकात आवई उठली होती. रात्री एक बाई दाराशी येते, घरातल्याच कुणाच्या तरी आवाजात हाक मारते, दार उघडलं की संपलं. म्हणून लोक दारावर ‘नाळे बा’ लिहीत. नाळे बा म्हणजे उद्या ये. ती वाचून परत जायची, दुसऱ्या रात्री पुन्हा तेच वाचायची. बेळगावच्या शहापुरातलं आमचं घर कट्टर मराठी. कानडी पाटीवरून काका एका कचेरीत भांडून आले होते. त्याच घरात आजीनं माझ्या हातात खडू दिला. मी मराठीत ‘उद्या ये’ लिहायला गेले, तर म्हणाली, “तिला मराठी येत नसलं तर? कानडीत लिव.” शाळेत शिकलेली कानडी अक्षरं मी पहिल्यांदा जीव वाचवायला वापरली. वक्त्यांनी सांगावं, याहून वेगळा सीमाप्रश्न कोणता लिहू?

माझं सगळं लिखाण त्या दारातून आलंय. पहिल्या कादंबरीत मी भीमगडच्या जंगलातल्या बारापेडे गुहा घेतल्या, तिथली दुर्मीळ वटवाघळं घेतली. पानंच्या पानं लिहूनही अंगावर काटा येईना. मग गुहेच्या तोंडाशी मेलेल्या आईच्या आवाजात कुणीतरी “जेवलीस काय?” विचारलं, आणि मलाच दिवा लावून बसावं लागलं. रक्त, कवट्या, अंधार यांची भीती मला कधी लिहिता आली नाही. ओळखीचा आवाज लागतो, तोही आपल्या बोलीतला. एकदा एजंटच्या आग्रहावरून इंग्रजीत लिहून पाहिलं. त्यातलं भूत मला परकंच राहिलं. ती वही तशीच पडून आहे.

बारा वर्षं झाली इथं येऊन. शहापूरच्या घरात आता आत्या एकटीच असते. दर रविवारी तिचा फोन येतो, “कवा येणार हैस?” मी सांगते, पुढच्या मे महिन्यात नक्की. हे चौथं वर्ष. परवा फोन ठेवला तेव्हा समुद्राकडून ‘हार’, म्हणजे इथलं समुद्री धुकं, वर चढलं होतं, समोरचं धुराडं दिसेना, आणि वक्त्यांना द्यायचं उत्तर अर्धवट टेबलावर पडलं होतं. कुणाला काय सुनावते आहे मी? दर रविवारी मी आत्याला नाळे बा म्हणते, आणि ती पुढच्या रविवारी पुन्हा हाक मारते.