ह्युगो सांचेझ ‘फसलेला प्रशिक्षक’? आधी 2004 साल बघा

मेक्सिकोचा माजी आघाडीपटू आणि नंतरचा प्रशिक्षक ह्युगो सांचेझ याचं नाव निघालं की फुटबॉलप्रेमींमध्ये एक ठरलेला दावा फिरू लागतो. रेयाल माद्रिदमध्ये इतरांनी ताटात वाढून दिलेले गोल त्याने केले, वर्ल्ड कपमध्ये त्याला काही जमलं नाही आणि प्रशिक्षक म्हणून तर तो सपशेल आपटला, असा त्याचा सारांश. यातला शेवटचा मुद्दा मला सर्वांत जास्त खटकतो. पण क्रमाने जाऊ.

ताटात वाढलेले गोल म्हणणाऱ्यांनी 1984-85 चा हंगाम बघावा. तेव्हा सांचेझ रेयालमध्ये नव्हताच, तो अ‍ॅटलेटिको माद्रिदकडून खेळत होता. त्या हंगामात 19 गोल करून तो स्पॅनिश लीगमध्ये अव्वल ठरला आणि कोपा देल रे या स्पेनमधल्या बाद पद्धतीच्या स्पर्धेच्या अंतिम सामन्यात अ‍ॅथलेटिक बिल्बाओविरुद्ध दोन्ही गोल त्याचेच होते. रेयालने त्याला घेतलं ते हे पाहून. तिथे गेल्यावर 1986 ते 1990 अशी लीगची सलग पाच विजेतेपदं आली आणि त्यांतल्या चार हंगामांत तो सर्वाधिक गोल करणारा होता. बुत्रागेन्यो आणि मिचेल हे मोठे खेळाडू संघात सोबत होते, हे खरंच. पण पस्तिशीत रायो वायेकानोसारख्या, खालच्या श्रेणीत घसरणाऱ्या संघाकडूनही त्याने लीगमध्ये 16 गोल केले. तिथे ताट कोण वाढत होतं?

1989-90 मधले त्याचे 38 गोल तर सगळ्यांना ठाऊक आहेत. तेल्मो सारा या स्पॅनिश खेळाडूचा एका हंगामातल्या गोलांचा 1951 पासूनचा विक्रम त्याने गाठला, तोही प्रत्येक गोल एकाच स्पर्शात करून. पेनल्टी धरून हा हिशोब आहे, ते मान्य. तरीही चेंडू पायाशी थांबवायचाच नाही, तर तो येण्याआधी गोलकीपर कुठे आहे, बचावपटू कुठे झुकलाय हे डोक्यात पक्कं असावं लागतं. 1988 च्या एप्रिलमध्ये लोग्रोन्येसविरुद्ध रेयालच्याच मार्तिन वास्केसने डावीकडून क्रॉस टाकला, तेव्हा सांचेझची पाठ गोलकडे होती. अंग हवेत आडवं झालं आणि डाव्या पायाने मारलेला चेंडू जाळ्याच्या वरच्या कोपऱ्यात गेला. तो गोल एकदा बघा आणि मग ‘आयता गोल’ म्हणा.

वर्ल्ड कपचा आकडा खरोखर वाईट आहे: 8 सामने, 1 गोल. 1986 मध्ये पॅराग्वेविरुद्ध शेवटच्या मिनिटांत त्याची पेनल्टी अडवली गेली, तेही मायदेशात. पण 1978 मध्ये तो 19 वर्षांचा होता, 1982 ला मेक्सिको पात्रच ठरला नाही, आणि 1990 ला, म्हणजे 38 गोलांच्या हंगामानंतर लगेच, मेक्सिकोवर बंदी होती. युवा संघात जास्त वयाचे खेळाडू खेळवण्याचं पाप महासंघाचं, आणि ऐन भरातला सांचेझ घरी बसला. ते खापर त्याच्या माथी मारता येणार नाही.

आता प्रशिक्षकपद. 2000 नंतर तो प्यूमासकडे परतला. हा मेक्सिको सिटीतल्या राष्ट्रीय स्वायत्त विद्यापीठाचा क्लब. सांचेझ इथेच घडला होता आणि खेळता खेळता त्याच विद्यापीठात दंतवैद्यक शिकला होता. क्लबने 1991 नंतर लीग जिंकली नव्हती. 2004 मध्ये सांचेझच्या संघाने क्लाउसुरा (वर्षाच्या पूर्वार्धातली लीग) ग्वादालाहाराविरुद्ध पेनल्टींवर जिंकली आणि वर्षाच्या शेवटी माँतेरेला हरवून अपेर्तुराही (उत्तरार्धातली लीग) जिंकली. मेक्सिकोत वर्षाला दोन छोट्या स्पर्धा सुरू झाल्यापासून सलग दोन विजेतेपदं कुठल्याच संघाने मिळवली नव्हती. प्यूमासनंतर हे लेओनला जमलं, ते 2014 मध्ये. बाद फेरीत आठ संघ घेणाऱ्या या पद्धतीत गतविजेता हमखास मार खातो, म्हणून हे अवघड. मधल्या ऑगस्टमध्ये याच संघाने रेयाल माद्रिदला त्यांच्याच बेर्नाबेऊ मैदानावर 1-0 ने हरवून सांतियागो बेर्नाबेऊ करंडक नेला. सामना मैत्रीपूर्ण होता, त्याचं मोल तेवढंच धरू. दोन लीगचं मोल मात्र कमी करता येत नाही.

पुढे तो मेक्सिकोच्या राष्ट्रीय संघाचा प्रशिक्षक झाला; त्याबद्दल लोकांच्या लक्षात राहिलं ते फक्त मार्च 2008. ऑलिंपिक पात्रता स्पर्धेत 23 वर्षांखालील संघ कॅनडाशी बरोबरीत सुटला, ग्वाटेमालाकडून हरला आणि हैतीला 5-1 ने हरवूनही एका गोलाच्या फरकाने बाहेर पडला. महिनाअखेर त्याला काढलं. ही नामुष्की त्याचीच होती, तिथे बचाव करण्यासारखं काही नाही. पण त्याच माणसाच्या हाताखाली 2007 मध्ये काय झालं, हे कोणी सांगत नाही. 24 जूनला शिकागोत गोल्ड कपच्या (उत्तर व मध्य अमेरिका आणि कॅरिबियन देशांची स्पर्धा) अंतिम सामन्यात अमेरिकेकडून 2-1 असा पराभव झाला. तीनच दिवसांनी व्हेनेझुएलात कोपा अमेरिका या दक्षिण अमेरिकी देशांच्या स्पर्धेतल्या आपल्या पहिल्या सामन्यात मेक्सिकोने ब्राझीलला 2-0 ने हरवलं. तो कप शेवटी ब्राझीलनेच जिंकला. उपांत्यपूर्व फेरीत पॅराग्वेला 6-0 ने लोळवलं, अर्जेंटिनाकडून हरल्यावर उरुग्वेला नमवून तिसरा क्रमांक मिळवला. पाहुणा म्हणून बोलावलेल्या संघाच्या या कामगिरीला अपयश म्हणायचं?

अल्मेरिया या स्पॅनिश क्लबचंही अर्धंच सांगतात. डिसेंबर 2009 मध्ये तिथून काढलं, हे खरं. पण आदल्या वर्षी हंगामाच्या मध्यात सूत्रं घेऊन त्याने तो छोटा संघ 11 व्या क्रमांकावर नेला होता. मग उन्हाळ्यात 19 गोल करणारा आघाडीपटू नेग्रेदो निघून गेला. नंतर 2012 मध्ये मेक्सिकोतल्या पाचुका क्लबमध्ये मात्र त्याला काहीच साधलं नाही, आणि तिथे दोष द्यायचा तर खुशाल द्यावा.